गट नीट पाडलेत, चिठ्ठ्या टाकायच्या राहिल्या

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई मेकॅनिकल इंजिनीअर आहेत. दिरांसोबत त्या शेतीच्या हातावजारांचा लहानसा कारखाना चालवतात. खुरप्याचे पाते तेच ठेवून त्यांनी मुठीचे चार नमुने केले: नेहमीची सरळ लाकडी (अ), लांब (ब), मनगटाला सोयीची म्हणून वाकवलेली (क) आणि रबराचे आवरण घातलेली (ड). जानेवारीत कांद्याच्या खुरपणीला आलेल्या सहा बायकांनी चारही खुरपी वापरून पाहिली. प्रत्येक खुरप्याने सारख्या मापाचा एकेक वाफा केला आणि त्याला लागलेली मिनिटे लिहून घेतली गेली. एक्सेलमध्ये साधे अनोव्हा (सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोगाचा, हे तपासायची पद्धत) केल्यावर ‘नमुन्यांत फरक दिसत नाही’ असे आले. कृषी पदवीधर मैत्रिणीने तेच आकडे प्रत्येक बाईला एक गट धरून पुन्हा मांडले, तर फरक ठळक निघाला. दीर खूश आहेत आणि माहितीपत्रकावर ‘वाकडी मूठ, १५ टक्के वेळ वाचवा’ असे छापायला निघाले आहेत. ताईंना मात्र झोप लागत नाही. ‘आकडे तेच, मग उत्तर बदलले कसे? मनासारखे येईपर्यंत पद्धत बदलत राहणे ही फसवणूकच नाही का?’ असे त्या विचारतात. जाता जाता लिहितात, की गोंधळ नको म्हणून सगळ्यांना खुरपी एकाच क्रमाने दिली: आधी अ, मग ब, मग क, शेवटी ड.

ताई,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि सोबतचा तक्ता कागदावर हाताने सोडवून पाहिला. तुमच्या मनाला लागलेली टोचणी खरी आहे, फक्त ती चुकीच्या जागी टोचते आहे. तुमच्या मैत्रिणीने केले ते बरोबर आहे. शंका घ्यायची तर ती पत्राच्या शेवटच्या ओळीवर, जी तुम्ही अगदी सहज लिहून गेलात.

आधी मैत्रिणीवरचा आरोप दूर करू. तुमच्या तक्त्यातली सर्वांत चपळ बाई जुन्या मुठीनेही २१ मिनिटांत वाफा संपवते. सहाव्या, वयाने सगळ्यांत मोठ्या असलेल्या बाईंना तुमच्या सर्वांत चांगल्या मुठीनेसुद्धा २८ मिनिटे लागतात. आता हे चोवीस आकडे एका पाटीत ओतून ढवळले, तर चपळ हातातली वाईट मूठ ही थकल्या हातातल्या चांगल्या मुठीपेक्षा सरस दिसणारच. पहिल्या हिशेबात तुम्ही नेमके हेच केलेत. एक्सेलमधला ‘सिंगल फॅक्टर’ हा पर्याय असे गृहीत धरतो, की चोवीस वाफे चोवीस वेगवेगळ्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या बायकांनी केले. तुमचा प्रयोग तसा झालाच नव्हता. प्रत्येकीने चारही मुठी वापरल्या होत्या. ही माहिती तुम्ही शेतात गोळा केलीत आणि टेबलावर बसून टाकून दिलीत.

आकड्यांतच बघा. सरासरी २५ मिनिटे धरून सगळ्या चढउतारांच्या वर्गांची बेरीज केली की ३४४ येते. प्रचरण विश्लेषण, म्हणजेच अनोव्हा, ही या ३४४ ची वाटणी. त्यातले २८० बाई-बाईतल्या फरकाचे आहेत, ४८ मुठी-मुठीतल्या फरकाचे आणि उरलेले फक्त १६ कशाच्याच खाती टाकता न येणारे. पहिल्या हिशेबात बायकांचे २८० आणि उरलेले १६ एकत्र होऊन २९६ चा ‘दोष’ झाला. त्याला २० स्वातंत्र्यमात्रांनी (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या आकड्यांच्या संख्येने) भागले की १४.८. मुठींचे ४८ भागिले ३ म्हणजे १६. दोन्हींचे गुणोत्तर, म्हणजे ‘एफ’, १.०८; फरक नुसता योगायोगाचा नाही असे म्हणायला (पाच टक्के पातळीला) तिथे ३.१० तरी हवे होते. मैत्रिणीच्या हिशेबात २८० वेगळे निघाले. उरले १६ भागिले १५, म्हणजे १.०७. त्याच मुठींच्या १६ ला त्याने भागले की एफ १५ येतो, आणि हवे होते ३.२९. मुठींचा वाटा दोन्हीकडे ४८ च आहे, तो कुणी वाढवला नाही. गोंगाट कमी झाला, एवढेच.

म्हणून ‘पद्धत बदलली’ असे म्हणू नका. प्रयोग ज्या रीतीने झाला, त्याच रीतीने त्याचा हिशेब करायचा असतो. हे उत्तर पाहून ठरवायचे नसते, प्रयोगाच्या दिवशीच ते ठरलेले असते. तुमच्या बाबतीत ते त्या सकाळी वाफ्यांवरच ठरले होते, तुम्हाला ते नंतर कळले. उलट झाले असते, म्हणजे साध्या हिशेबात फरक दिसला असता आणि गट धरल्यावर तो गेला असता, तरीही गटाचाच हिशेब मानावा लागला असता. पुढे कधी मनात शंका आली तर हीच कसोटी लावा: उत्तर माझ्या विरुद्ध आले असते, तरी मी हीच मांडणी धरली असती का?

तुमच्या मैत्रिणीला हे चटकन ओळखता आले यात नवल नाही. कृषी महाविद्यालयात ‘आरबीडी’ (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, गट पाडून करायचा प्रयोग) म्हणजे रोजचा वरणभात. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले आणि तिथल्या शेतांवरच ही विद्या घडली. शेताचा एक कोपरा काळाभोर, दुसरा मुरमाड. मग दोन खतांची तुलना कशी करायची? त्यांनी शेताचे असे गट पाडले, की एका गटातली जमीन साधारण सारखी असेल, आणि प्रत्येक गटात सगळी खते घातली. आपल्याकडे विनायक पानसे आणि पांडुरंग सुखात्मे या दोघांच्या १९५४ च्या पुस्तकाने हे शास्त्र कृषी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना शिकवले. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. इंजिनीअरिंगला मात्र बहुतेकांना साधा अनोव्हा घाईघाईत शिकवून मोकळे करतात. तुमच्या प्रयोगात जमिनीच्या तुकड्याच्या जागी बाई आली, बाकी कल्पना तीच.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येतो.

फिशर यांनी गटांबरोबर आणखी एक अट घातली होती, आणि ती त्यांनी फार गंभीरपणे घातली होती. गटाच्या आत कुणाला काय मिळेल, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. ‘आरबीडी’तला पहिला शब्द ‘रँडमाइज्ड’ आहे, तो याच कारणाने. तुम्ही गट पाडलेत, चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. सहाही जणींनी अ सकाळी आठला वापरली आणि ड साडेअकराच्या सुमारास. तक्त्यात ज्या स्तंभाला तुम्ही ‘मूठ’ म्हणता, त्याचे नाव ‘वेळ’ असेही ठेवता येईल, आणि कुठलाही अनोव्हा त्या दोघांना वेगळे करू शकणार नाही.

जानेवारीतली सकाळ डोळ्यांसमोर आणा. आठला वाफ्यात दव असते, बोटे गारठलेली असतात, माती हाताला चिकटते. अंग मोकळे व्हायला तासभर जातो. दहाच्या सुमाराला हात सर्वांत वेगाने चालतो. साडेअकराला पाठ भरून येते, ऊन लागते, डोळे बांधाकडे जातात. आता तुमच्या सरासऱ्या त्याच क्रमाने वाचा: २७, २५, २३, २५. सगळ्या मुठी हुबेहूब सारख्या असत्या आणि फरक नुसता सकाळचा असता, तरीही आकडे असेच उतरले असते ना? वाकडी मूठ तिसऱ्या क्रमांकावर आली. तिला दिवसातली सर्वांत चांगली वेळ मिळाली.

त्यात आणखी एक भर. तुम्ही पाठवलेल्या शेताच्या कच्च्या आराखड्यात प्रत्येकीचा पहिला वाफा पाटाला लागून आहे आणि पुढचे वाफे पाटापासून दूर जातात. पाटालगत ओल जास्त, तण जास्त, लव्हाळ्याची मुळे घट्ट. म्हणजे जुन्या मुठीच्या वाट्याला गार सकाळही आली आणि तणाचा वाफाही आला.

वाकडी मूठ वाईट आहे, असे मी म्हणत नाही. मला तर ती चांगलीच असेल असे वाटते, कारण सहाही जणींना तिने जुनीपेक्षा ३ ते ६ मिनिटे कमी लागली, आणि नुसत्या सकाळच्या गारठ्याने इतका फरक पडेल का याची मला शंका आहे. पण हा माझा अंदाज झाला, आणि अंदाज माहितीपत्रकावर छापायचा नसतो.

हे मी अधिकाराने सांगतो आहे, कारण हीच चूक माझ्या हातून झाली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी मळणीयंत्राच्या तीन चाळण्यांची तुलना केली. रोज सकाळी पहिली चाळणी, दुपारी दुसरी, संध्याकाळकडे तिसरी. आठ दिवस. दिवसांचे गट धरले, हिशेब अगदी चोख. तिसरी चाळणी सर्वांत स्वच्छ धान्य देते, असे मोठ्या आत्मविश्वासाने लिहून दिले. एका वयस्कर मेस्त्रींनी अहवाल पाहून एवढेच विचारले, ‘साहेब, संध्याकाळपर्यंत कणसं वाळत नाहीत का?’ वाळतातच. ओलावा गेला की दाणा सुटतो, भुसा उडतो. मी चाळण्या मोजल्याच नव्हत्या, ऊन मोजले होते. त्या एका प्रश्नाचे ऋण मी आजही मानतो, म्हणून तुमच्या पत्रातली ती ओळ माझ्या नजरेतून सुटली नाही.

आता करायचे काय, ते बघू. कांदा अजून खुरपणीत असेल तर एक सकाळ पुन्हा घाला. या वेळी आठ बायका घ्या आणि क्रम चार प्रकारचे ठेवा: अ ब ड क, ब क अ ड, क ड ब अ आणि ड अ क ब. प्रत्येक क्रम दोघींना. नीट पाहिलेत तर प्रत्येक मूठ पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जागी एकेकदा येते, शिवाय प्रत्येक मुठीच्या लगेच आधी बाकीच्या तिन्ही मुठी एकेकदा येऊन जातात. त्यामुळे लांब मुठीने दुखावलेला हात पुढच्या मुठीचे नाव खराब करतो आहे का, याचाही समतोल राहतो. याला समतोल लॅटिन चौरस म्हणतात. कुणाला कोणता क्रम, हे मात्र चिठ्ठीवरच सोडा. डबा उघडून, सगळ्यांसमोर. वाफ्यांचा पाटाकडून असलेला क्रमही मग आपोआप वेळेच्या क्रमातच धरला जातो, वेगळी यातायात लागत नाही.

हिशेबात आता तीन गोष्टी वेगळ्या काढायच्या: बाई, जागा (म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा की चौथा वाफा) आणि मूठ. बत्तीस आकड्यांतून एकूण सरासरीची १, बायकांची ७, जागांची ३ आणि मुठींची ३ स्वातंत्र्यमात्रा गेली की दोषाला १८ उरतात, तेवढी पुरेशी आहेत. एक्सेलच्या अनोव्हा यादीत हा पर्याय मिळणार नाही. ‘आर’ हे फुकट सॉफ्टवेअर एका ओळीत करून देते. नाहीतर कॅल्क्युलेटर घ्या: प्रत्येक जागेची सरासरी, तिचे एकूण सरासरीपासूनचे अंतर, त्याचा वर्ग, त्यांची बेरीज गुणिले आठ. मुठींचेही तसेच. बायकांसाठी गुणिले चार. एकूणातून तिन्ही वजा केले की दोष उरतो. एकदा हाताने करून बघाच, कारण हाताने केलेला अनोव्हा नंतर कधी परका वाटत नाही.

आठ जणींचा रोज परवडत नसेल, दीर तयार नसतील, तर लहान मार्ग आहे. माहितीपत्रकाचा दावा फक्त अ आणि क पुरता आहे. त्याच सहा जणींना दोनच वाफे द्या. चिठ्ठी टाकून तिघींनी क ने सुरुवात करायची, तिघींनी अ ने. तासाभराचे काम. चार मिनिटांचा फरक खरा असेल तर सहा जणींतही तो दिसेल, आणि क आधी वापरूनही क च सरस ठरली तर वेळेचा संशय मिटेल. ब आणि ड बद्दल यातून काही कळणार नाही, पण ती दोन्ही तुमच्या तक्त्यात तशीही बरोबरीत आहेत. मला विचाराल तर पहिला मार्ग घ्या, कारण ड ची मूठ चौथ्या जागी दमलेल्या हातात गेली होती आणि कदाचित तिच्यावर अन्याय झाला असेल.

तिसरा मार्ग म्हणजे काहीच पुन्हा न करता छापणे. तसे करायचेच असेल तर टक्केवारी काढून टाका आणि ‘सहा खुरपणाऱ्या बायकांनी वापरून पाहिलेली मूठ’ एवढेच लिहा. ते खरे आहे. मला हा मार्ग आवडत नाही, पण खोट्यापेक्षा बरा.

१५ टक्क्यांबद्दल थोडे. २७ चे २३ म्हणजे ४ मिनिटे, हिशेबाने १४.८ टक्के. पण ही ४ मिनिटे म्हणजे ठाम आकडा नव्हे. चारपैकी सर्वांत चांगली मूठ आपण निकाल पाहून निवडली आहे, म्हणून कृषीवाल्यांची नेहमीची ‘सीडी’ (क्रिटिकल डिफरन्स, फरक खरा मानायला लागणारे किमान अंतर; तुमच्या आकड्यांवर १.२७ मिनिटे) न वापरता संख्याशास्त्रज्ञ टुकी यांची जास्त कडक कसोटी लावावी. ती १.७२ मिनिटे मागते. म्हणजे फरक साधारण २.३ ते ५.७ मिनिटांच्या दरम्यान कुठेही असू शकतो, आणि तोही क्रमाचा दोष नसता तर. दिरांना हे पटवताना ‘पी-व्हॅल्यू’ वगैरे संख्याशास्त्रातल्या शब्दांचे नाव काढू नका. त्यांना विचारा, की एखाद्या शेतकऱ्याने पन्नास खुरपी घेतली, पहाटे वापरली आणि १५ टक्के वाचले नाहीत, तर तो परत येऊन काय म्हणेल? कारखाना चालवणाऱ्या माणसाला हा प्रश्न कळतो.

ज्यांच्याकडे खुरपी नाहीत, त्यांच्यासाठीही हेच लागू आहे. शिवणकामाच्या गटात तीन प्रकारच्या कात्र्या तपासायच्या असतील तर शिवणारी बाई हा गट. बेकरीत पावाचे साचे तपासायचे असतील तर भट्टीची एक खेप हा गट, आणि भट्टीत पुढे कोणता साचा, मागे कोणता, हे चिठ्ठीने. जे ओळखता येते त्याचा गट करा, जे ओळखता येत नाही ते चिठ्ठ्यांवर सोपवा. एक्सेल वापरणाऱ्यांनी साध्या गटप्रयोगासाठी ‘टू-फॅक्टर विदाउट रेप्लिकेशन’ निवडावे. त्यात गटांच्या ओळीपुढेही एफ छापून येतो. ताई, तुमच्या तक्त्यात तो तब्बल ५२.५ आहे. त्याचा अर्थ एवढाच, की काही बायका चपळ आहेत आणि काही नाहीत, आणि हे प्रयोगाआधीही माहीत होते.

यावरून एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. तुम्ही पाठवलेल्या कागदावर सहाही जणींची नावे आहेत. ती आजच खोडा, १ ते ६ आकडे घाला. हा तक्ता मुठींची परीक्षा म्हणून केला होता, पण मुकादमाच्या हाती पडला तर तो बायकांची क्रमवारी म्हणून वाचला जाईल, आणि पुढच्या हंगामात सहाव्या बाईंना कुणी रोजावर बोलावणार नाही. पुन्हा प्रयोग कराल तेव्हा वाफ्यावर बसण्याआधी त्यांना सांगा, की घड्याळ खुरप्यासाठी लावले आहे. नाहीतर नवीन मूठ हातात आली की मालकीणबाईंना बरे वाटावे म्हणून हात भराभर चालतो, आणि तेही आकड्यांत उतरते. रोज ठरलेलाच द्या, वाफ्यावर उक्ते देऊ नका. मिनिटांबरोबर मागे राहिलेले तण आणि चुकून उपटलेली कांद्याची रोपेही मोजा. पटकन झालेला पण अर्धा राहिलेला वाफा काही कामाचा नाही.

सहाव्या बाईंकडे मात्र आवर्जून जा. हिशेब सोडवताना मी प्रत्येक आकड्याचा अपेक्षित आकड्याशी (त्या बाईचा वेग आणि त्या मुठीची सरासरी यांवरून यायला हवा त्याच्याशी) फरक काढला. शिल्लक राहिलेल्या १६ पैकी ८ एकट्या त्यांच्या ओळीतले आहेत. जुन्या मुठीने त्यांना अपेक्षेपेक्षा दोन मिनिटे जास्त लागली आणि लांब मुठीने दोन मिनिटे कमी. इतर कुणाचा आकडा अपेक्षेपासून एका मिनिटापलीकडे गेलेला नाही. कदाचित योगायोग असेल. पण कदाचित त्यांची बोटे आता पूर्वीसारखी मिटत नसतील आणि लांब मुठीला दोन्ही हात लावता येत असतील. बांधावर त्यांच्याशेजारी बसा, ब ची मूठ त्यांच्या हातात द्या आणि त्या ती कुठे धरतात ते बघा.